बुध, शुक्र आणि मंगळावरच्या मोहिमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशनिरीक्षणाच्या कार्यक्रमांत आणि एरवीही आपल्या शेजारच्या या तीन ग्रहांबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: यान बंद पडले म्हणजे मोहिमेचे काम संपले असे नसते. खालची कितीतरी उत्तरे बंद पडलेल्या यानांनी दिलेली आहेत.

१. खडकाळ ग्रह म्हणजे नेमके कोणते?

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ. या चौघांना घट्ट पृष्ठभाग आहे, त्याखाली खडकाचे जाड आवरण आहे आणि आत मुख्यतः लोखंडाचा गाभा आहे. गुरू आणि शनी हे बहुतांशी हायड्रोजन-हेलियमचे गोळे. यान उतरवावे अशी जमीनच तिथे नाही. चंद्र खडकाळ असला तरी तो उपग्रह आहे आणि त्याच्यावरच्या मोहिमांचा पसारा वेगळा आहे, म्हणून तो या पानावर घेतलेला नाही.

२. पृथ्वीला सर्वांत जवळचा ग्रह कोणता? शाळेत शुक्र शिकलो, आता कुणी बुध सांगते.

प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर अवलंबून आहे. शुक्र सुमारे ४ कोटी किलोमीटरपर्यंत येतो. इतका जवळ दुसरा कोणताही ग्रह येत नाही. मंगळ अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटींच्या आत क्वचितच येतो. पण शुक्र सूर्यापलीकडे गेला की तोच २६ कोटी किलोमीटरवर असतो. बुध सूर्याभोवती लहान कक्षेत फिरतो, त्यामुळे तो कधीच तेवढा लांब जात नाही. सगळ्या काळाची सरासरी काढली तर बुध जवळचा ठरतो. यान पाठवणाऱ्यांना मात्र अंतरापेक्षा वेगाची काळजी असते. ते कसे, हे प्रश्न ४ मध्ये पाहा.

३. मंगळाकडे यान केव्हाही का सोडता येत नाही?

सोडता येईल, पण आजच्या रॉकेटांना पेलणार नाही इतके इंधन लागेल. पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, मंगळ ६८७ दिवसांत. कमी इंधनात पोहोचता येईल अशी दोघांची रचना साधारण २६ महिन्यांनी एकदा जुळते आणि काही आठवडेच टिकते. जुलै २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीचे होप, चीनचे त्यानवन-१ आणि अमेरिकेची पर्सिव्हरन्स बग्गी (चाकांवर फिरणारे यान, रोव्हर) एकापाठोपाठ निघाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिन्ही मंगळाशी पोहोचली, ती यामुळेच. ही संधी हुकली की किंमत मोठी असते. युरोपची रोझालिंड फ्रँकलिन बग्गी २०२० ला जायची होती. ती तयार नव्हती. २०२२ ची संधी युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाबरोबरचे सहकार्य थांबल्याने गेली. आता २०२८ ठरले आहे. शुक्रासाठी अशी संधी साधारण १९ महिन्यांनी येते.

४. बुध एवढा जवळ, मग तिथे पोहोचायला सात-आठ वर्षे का लागतात?

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्यावरून निघालेल्या यानालाही तो वेग मिळालेला असतो. सूर्याकडे जायचे तर तो कमी करावा लागतो. बरे, आत जाताना सूर्याच्या ओढीने यानाचा वेग वाढतच राहतो आणि बुधापाशी ब्रेक लावायला वातावरणही नाही. सगळा वेग इंजिनाने मारायचा तर इंधनच फार होते. म्हणून वाटेतल्या ग्रहांजवळून जात, त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने थोडा थोडा वेग कमी करून घेतात.

हे पहिल्यांदा केले अमेरिकेच्या मरिनर १० ने, फेब्रुवारी १९७४ मध्ये शुक्राजवळून जाताना. हे यान पुन्हा पुन्हा बुधाकडे परत येऊ शकेल, हे इटलीचे गणितज्ञ जुझेप्पे कोलंबो यांनी दाखवून दिले होते. तीन भेटी झाल्या, पण दर वेळी बुधाची तीच बाजू उजेडात होती. यान बुधाच्या दोन वर्षांनी परत येई आणि तेवढ्या काळात बुध स्वतःभोवती बरोबर तीन वेळा फिरून पुन्हा तोच चेहरा सूर्याकडे करत असे. त्यामुळे अर्ध्याहून कमीच पृष्ठभागाची छायाचित्रे मिळाली आणि उरलेला भाग तीन दशके अनोळखी राहिला. अमेरिकेचे मेसेंजर यान ऑगस्ट २००४ मध्ये निघाले. पृथ्वीजवळून एकदा, शुक्राजवळून दोनदा आणि बुधाजवळून तीनदा जाऊन ते मार्च २०११ मध्ये बुधाच्या कक्षेत स्थिरावले. कोलंबो यांचेच नाव दिलेले युरोप-जपानचे बेपीकोलंबो ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाले. त्याच्या थ्रस्टरना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या इंजिनांना, पुरेशी वीज मिळेना, म्हणून त्याचे पोहोचणे नोव्हेंबर २०२६ वर गेले.

५. बुधावर ४३० अंश तापमान असते, तरी बर्फ आहे म्हणतात. हे कसे शक्य आहे?

बुधाचा आस जवळजवळ सरळ उभा आहे. त्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही, आणि वातावरण नसल्याने शेजारची उष्णताही तिथे वाहून येत नाही. १९९१ मध्ये पृथ्वीवरून सोडलेल्या रडार लहरी तिथून फार ठळकपणे परत आल्या तेव्हा पहिला संशय आला. मेसेंजरने नंतर त्याच जागी हायड्रोजनचे प्रमाण जास्त असल्याचे आणि त्या जागा कायम सावलीत असल्याचे दाखवले.

६. शुक्रावर यान काही तासही का टिकत नाही?

पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आहे, शिसे वितळते. हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक आहे, म्हणजे समुद्रात सुमारे ९०० मीटर खोल असावा तेवढा. यांत उष्णतेचा त्रास जास्त. जाड कवचाने दाब अडवता येतो, उष्णता नुसती लांबवता येते; आत झिरपून ती शेवटी इलेक्ट्रॉनिक्स बंद पाडतेच.

सोव्हिएत संघाचे व्हेनेरा ७ हे १५ डिसेंबर १९७० ला शुक्रावर उतरले. दुसऱ्या ग्रहावर उतरून तिथून संदेश पाठवणारे ते पहिले यान. पॅराशूट नीट न चालल्याने ते जोरात आदळले आणि संदेश थांबल्यासारखा वाटला. ध्वनिफीत पुन्हा तपासली तेव्हा गोंगाटाखाली अतिशय क्षीण असा सुमारे २३ मिनिटांचा संदेश सापडला. यान बहुधा कलंडले होते आणि त्याचा अँटेना पृथ्वीकडे नव्हता. ती फीत कुणी पुन्हा ऐकलीच नसती तर हे यान अपयशी म्हणूनच नोंदले गेले असते. टिकण्याचा विक्रम व्हेनेरा १३ चा. ३२ मिनिटांसाठी बनवलेले हे यान मार्च १९८२ मध्ये १२७ मिनिटे चालले. उतरण्याआधी त्याचा आतला भाग मुद्दाम थंड करून ठेवला होता.

७. व्हेनेराच्या कॅमेऱ्याच्या झाकणाची गोष्ट खरी का?

खरी आहे. कॅमेरे वाचवण्यासाठी त्यांवर झाकणे होती आणि उतरल्यावर ती उडून पडायची होती. १९७५ मध्ये व्हेनेरा ९ आणि १० वर दोनपैकी एकेकच झाकण निघाले, त्यामुळे अर्ध्याच परिसराची चित्रे आली. तरीही दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेली ती पहिली चित्रे. १९७८ च्या व्हेनेरा ११ आणि १२ वर एकही झाकण निघाले नाही. १९८२ ला व्हेनेरा १३ आणि १४ वर सगळी निघाली, पण १४ चे एक झाकण नेमके जमिनीचा कठीणपणा मोजणाऱ्या दांड्याखाली जाऊन पडले. चित्रात ते स्पष्ट दिसते. खडकाचा नमुना घेणारे ड्रिल मात्र चालले, आणि तिथला खडक बेसॉल्टसारखा, म्हणजे ज्वालामुखीतून आलेला आहे, हे त्यातूनच कळले.

८. शुक्र कायम ढगांत असतो, मग त्याचा नकाशा कसा काढला?

रडारने. रेडिओ लहरी ढगांतून आरपार जातात. अमेरिकेच्या मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात शुक्राच्या ९८ टक्के पृष्ठभागाचा नकाशा केला. तुम्ही पाहिलेली केशरी, डोंगराळ चित्रे म्हणजे या रडारच्या नोंदींना दिलेला रंग आहे, छायाचित्रे नाहीत. खऱ्या रंगाबद्दल प्रश्न १७ पाहा.

९. शुक्रावरचे ज्वालामुखी आजही जागे आहेत का?

होय असे म्हणण्याइतका पुरावा आता आहे, आणि तो तीस वर्षे सर्वांसमोर पडून होता. मॅगेलनने काही भाग वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा टिपले होते. ग्रहशास्त्रज्ञ रॉबर्ट हेरिक यांनी ही जुनी चित्रे सुमारे २०० तास नजरेने एकमेकांशी ताडून पाहिली. मात मॉन्स या मोठ्या ज्वालामुखीवरचे एक मुख फेब्रुवारी १९९१ मध्ये जवळजवळ गोल होते, त्याचा विस्तार सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आसपास. ऑक्टोबरच्या चित्रात त्याचा आकार बिघडलेला आणि विस्तार सुमारे चार चौरस किलोमीटर. हे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाला हे काम सोपवता आले नाही, कारण दोन वेळा रडारने वेगळ्या कोनांतून पाहिले होते आणि मुळात न बदललेली जमीनही बदललेली दिसत होती. २०२४ मध्ये इटलीतल्या संशोधकांना मॅगेलनच्याच नोंदींत आणखी दोन ठिकाणी नवा लाव्हा पसरल्याच्या खुणा दिसल्या. अमेरिकेची व्हेरिटास आणि युरोपची एनव्हिजन ही नियोजित याने असे बदल शोधण्यासाठीच चांगले रडार नेणार आहेत.

१०. शुक्राच्या ढगांत जीवसृष्टी सापडली ना २०२० मध्ये?

नाही. सापडल्याचा दावा होता तो फॉस्फीन वायूचा, जीवांचा नव्हे. पृथ्वीवर हा वायू काही सूक्ष्मजीव तयार करतात म्हणून खळबळ उडाली. नंतर इतरांनी त्याच नोंदी तपासल्या तेव्हा मूळ आकडा खाली आला. काहींच्या मते तो संकेत सल्फर डायऑक्साइडचा आहे. वाद मिटलेला नाही. एवढे खरे की ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर तापमान आणि दाब पृथ्वीसारखे सौम्य आहेत. १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी सोडलेले दोन फुगे जवळपास त्याच उंचीवर तरंगत सुमारे ४६ तास माहिती पाठवत राहिले. जमिनीवर दोन तास, आकाशात दोन दिवस! पण तिथल्या थेंबांत मुख्यतः गंधकाम्ल आहे आणि पाणी अगदीच थोडे.

११. मंगळावर उतरणे एवढे अवघड का?

हवा अडचणीत आणण्याइतकी आहे आणि मदत करण्याइतकी नाही. मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. यान तापेल एवढे घर्षण तिथे होते, म्हणून उष्णतारोधक कवच न्यावेच लागते. पण नुसत्या पॅराशूटने वेग पुरेसा मरत नाही. म्हणून शेवटी रॉकेट लागतात. सुमारे एक टन वजनाच्या क्युरिऑसिटी बग्गीला ऑगस्ट २०१२ मध्ये हवेत थबकलेल्या रॉकेट-सांगाड्यावरून दोऱ्यांनी खाली सोडले. पर्सिव्हरन्सही तशीच उतरली. वातावरणात शिरल्यापासून जमिनीपर्यंतचा वेळ सुमारे सात मिनिटे, आणि या काळात पृथ्वीवरून काहीच करता येत नाही (प्रश्न १२).

१२. बग्ग्या पृथ्वीवरून रिमोटने चालवतात का?

नाही. रेडिओ संदेशाला मंगळापर्यंत जायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतात. समोर खड्डा दिसला म्हणून ब्रेक दाबावा, तर तो दाबला जाईपर्यंत बग्गी खड्ड्यात. म्हणून दिवसभराच्या सूचना एकदम पाठवतात आणि वाटेतले दगड चुकवण्याचे काम बग्गी स्वतःच्या कॅमेऱ्यांवरून करते. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. त्यामुळे नव्या बग्गीवर काम करणारी माणसे पहिले काही महिने रोज चाळीस मिनिटे उशिरा कामावर येतात. थोड्याच आठवड्यांत त्यांचा दिवस रात्री सुरू होऊ लागतो. मंगळ सूर्यामागे गेला की साधारण दोन आठवडे सूचना पाठवणेच थांबवतात.

१३. व्हायकिंगला १९७६ मध्येच मंगळावर जीव सापडले होते आणि ते लपवले, हे खरे का?

लपवले काहीच नाही. निकाल तेव्हाच प्रसिद्ध झाले. ते गोंधळात टाकणारे होते, आणि त्यांचा उलगडा व्हायला तीसहून अधिक वर्षे लागली.

व्हायकिंग ही अमेरिकेची मंगळावर उतरलेली दोन याने. त्यांवरच्या गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात मातीवर पोषक द्रव टाकला. त्यातला कार्बन किरणोत्सारी होता, म्हणजे कुणी तो खाऊन वायू सोडला तर कळावे. वायू निघाला. माती आधी १६० अंशांना तापवली तर निघत नव्हता. जीव असतील तर अगदी असेच व्हायला हवे. पण तोच द्रव पुन्हा टाकल्यावर वायू वाढला नाही, आणि वाढत्या जीवांकडून ही अपेक्षा नसते. शिवाय दुसऱ्या उपकरणाने माती भट्टीत तापवली तेव्हा सेंद्रिय पदार्थ मिळाले नाहीत. निघाली ती क्लोरीन असलेली एक-दोन साधी संयुगे. ती यान धुताना वापरलेल्या रसायनांची असावीत, असे धरले गेले.

मग २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. परक्लोरेट थंड असताना शांत असते, तापवले की सेंद्रिय पदार्थ जाळते आणि क्लोरीनची तीच साधी संयुगे मागे ठेवते. २०१० मध्ये अटाकामा वाळवंटातल्या मातीत परक्लोरेट मिसळून प्रयोग केला आणि व्हायकिंगसारखाच निकाल आला. म्हणजे सेंद्रिय पदार्थ कदाचित होते आणि शोधण्याच्या पद्धतीनेच ते नष्ट केले. पुढे क्युरिऑसिटीला गेल विवराच्या प्राचीन चिखलखडकात सेंद्रिय पदार्थ मिळाले. सेंद्रिय म्हणजे कार्बनी, जिवंत नव्हे. लेव्हिन २०२१ मध्ये वारले, तोवर आपल्याला जीवच सापडले होते या मतावर ते ठाम होते. बहुतेक शास्त्रज्ञ मातीतल्या रसायनांकडे बोट दाखवतात.

१४. मग पर्सिव्हरन्सला मिळालेल्या ठिपक्यांच्या दगडाचे काय?

हा आजवरचा सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा दगड आहे, असे मला वाटते. जुलै २०२४ मध्ये, पर्सिव्हरन्स जिथे उतरली त्या जेझेरो विवराला मिळणाऱ्या एका जुन्या नदीपात्रात चेयावा फॉल्स नावाचा खडक दिसला. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे, फिकट मध्य आणि गडद कड असलेले मिलिमीटरभराचे ठिपके होते. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार तिथे लोहाचे फॉस्फेट आणि लोहाचे सल्फाइड आहे, सोबत सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवर चिखलात सूक्ष्मजीव लोह आणि गंधक वापरून जगतात तेव्हा हीच खनिजे तयार होतात. जीवांशिवायही ती होऊ शकतात, पण त्यासाठी साधारणपणे जास्त उष्णता लागते आणि हा खडक तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. शास्त्रज्ञांनी म्हटले आहे ते ‘संभाव्य’ जीवखूण. जीवाश्म सापडले अशी बातमी कुणी पाठवली तर ती पुढे पाठवू नका. नमुना नळीत बंद आहे. तो पृथ्वीवर आणण्याची योजना खर्चापायी अडली आहे.

१५. मंगळाचे दगड उल्का म्हणून पृथ्वीवर पडतातच, मग नमुने आणायचा एवढा खटाटोप कशाला?

पडतात हे खरे. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमधल्या शेरघाटीला पडलेली उल्का मंगळाची आहे आणि तशा उल्कांच्या सगळ्यात मोठ्या गटाला त्या गावाचेच नाव आहे. पण हे कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. अंटार्क्टिकात मिळालेल्या तशाच एका उल्केच्या काचेत अडकलेला वायू १९८० च्या दशकात तपासला, तेव्हा तो व्हायकिंगने मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. यान तिथे गेले नसते तर ओळख पटलीच नसती.

उल्कांची अडचण अशी की त्या मंगळावरच्या कुठल्या जागेच्या, ते माहीत नसते. आघाताने उडून अवकाशात येताना टिकतात ते बहुतेक कठीण अग्निजन्य खडक. तळ्याच्या तळाचा मऊ चिखलखडक, जिथे जीवांच्या खुणा शोधायच्या, तो या वाटेने सहसा येत नाही. आणि पृथ्वीवर पडल्यावर इथले जंतू त्यात शिरतात.

१६. आपली यानेच तिथे जंतू नेत नसतील का?

याची काळजी १९६७ च्या बाह्य अवकाश करारापासून घेतली जाते. व्हायकिंगची याने सुमारे ११० अंशांच्या कोरड्या उष्णतेत तीस तासांच्या आसपास तापवली होती. नियम ग्रहानुसार बदलतात. बुध आणि शुक्राच्या पृष्ठभागावर काही जगण्याची शक्यता नाही म्हणून तिथे फारशी बंधने नाहीत. मंगळावर मात्र जिथे पाणी असू शकेल अशा जागांसाठी नियम सर्वांत कडक आहेत. परिणामी जिथे जीव असण्याची शक्यता जास्त, तिथेच जाणे सर्वांत कठीण. मंगळाभोवती नुसत्या फिरणाऱ्या यानालाही सूट नाही; एक तर ते पुरेसे निर्जंतुक हवे, नाही तर ठरावीक काळ कोसळणार नाही याची खात्री हवी.

१७. मंगळ आणि शुक्राच्या फोटोंतले रंग खरे असतात का?

कधी खरे, कधी मुद्दाम बदललेले. व्हायकिंग १ चे पहिले रंगीत चित्र घाईत निळसर आकाशासह दाखवले गेले. यानावरच्या रंगपट्टीशी ताडल्यावर आकाश गुलाबी-पिवळट निघाले. मावळत्या सूर्याभोवती मात्र मंगळावर खरेच निळी आभा दिसते. भूवैज्ञानिक पुष्कळदा चित्र पृथ्वीच्या उजेडात दिसेल तसे करून घेतात, कारण खडक ओळखायला डोळ्याला तो उजेड सवयीचा आहे. शुक्राची व्हेनेरा चित्रे केशरी आहेत, कारण दाट हवा निळा प्रकाश खाली येऊ देत नाही. पांढऱ्या उजेडात तेच दगड करडे दिसतील.

१८. मंगळावर भूकंप होतात का?

होतात. इनसाइट यानाने २०१८ ते २०२२ मध्ये १३०० हून अधिक धक्के नोंदले. सर्वांत मोठा ४ मे २०२२ चा, ४.७ तीव्रतेचा. सौरपट्ट्यांवर धूळ साचून यान बंद पडले, पण त्याच्या नोंदींवरून २०२५ मध्ये मंगळाच्या द्रव गाभ्याच्या आत सुमारे ६०० किलोमीटर त्रिज्येचा घन गाभा असल्याचे मांडले गेले.

१९. मंगळावरच्या इतक्या मोहिमा का फसतात?

अगदी वेगवेगळ्या कारणांनी. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हातचे गेले, कारण एका बाजूचे सॉफ्टवेअर इंजिनाचा रेटा पौंडांत सांगत होते आणि दुसरी बाजू तो न्यूटनमध्ये समजत होती. यान ५७ किलोमीटरइतके खाली वातावरणात शिरले. २०१६ मध्ये युरोपच्या स्कियापरेलीला हेलकाव्यांमुळे आपण जमिनीच्या खाली आहोत असे वाटले, ३.७ किलोमीटर उंचीवर असतानाच त्याने उतरण्याचा क्रम संपवला. ब्रिटनचे बीगल २ डिसेंबर २००३ मध्ये निःशब्द झाले. २०१५ मध्ये कक्षेतून घेतलेल्या चित्रांत ते सापडले: नीट उतरलेले, पण सौरपट्ट्या पूर्ण न उघडल्याने अँटेना झाकलेलाच राहिला होता.

२०. मंगळयानाने विज्ञानाला काय दिले?

पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठणारा भारत हा पहिला देश (२४ सप्टेंबर २०१४). सहा महिन्यांसाठी बनवलेले यान २०२२ पर्यंत चालले. उपकरणे पाचच आणि छोटी होती. मोहिमेचा मुख्य हेतू तिथवर जाण्याचे तंत्र हस्तगत करणे हा होता, आणि तो साधला. कक्षा फार लांबट असल्याने यान ७० हजार किलोमीटरहून दूर जाई, त्यामुळे मंगळाची पूर्ण चकती एका चित्रात मिळत असे.

२१. ही माहिती सामान्य माणसाला पाहता येते का?

येते, आणि फुकट. नासाच्या ग्रहविषयक संग्रहात मरिनरपासूनच्या नोंदी आहेत. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्सची कच्ची चित्रे पृथ्वीवर आल्यावर थोड्याच वेळात संकेतस्थळावर येतात. मंगळयानाच्या नोंदी इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नावनोंदणी करून मिळतात. सुरुवात करायची तर मॅगेलनची चित्रे घ्या, पण रडार कोणत्या दिशेने पाहत होते हे प्रत्येक चित्रासाठी आधी तपासा. तसे केले नाही तर डोंगर खड्ड्यासारखा दिसतो.